हुओ ग्वांग : दोन सम्राट बसवले, एक उठवला, आणि मागे घराणं उरलं नाही

अश्मक (मूळ लेख)

इ.स.पू. ८७. हान घराण्याचा सम्राट वू ५४ वर्षं राज्य करून मरणाला टेकला होता. उत्तरेच्या शिओंगनू टोळ्यांशी चाळीसेक वर्षं झुंजून खजिना रिता झालेला, गावंच्या गावं ओस पडलेली. चार वर्षांपूर्वी थोरल्या युवराजावर जादूटोण्याचा खोटा आळ आला आणि त्यात तो जिवाला मुकला. आता वारस म्हणून निवडला होता सातआठ वर्षांचा धाकटा मुलगा. पोराच्या आडून आई राज्य करील या भीतीने सम्राटाने त्याच्या आईचाही आधीच काटा काढला होता.

मग कारभार बघणार कोण? वूने दरबारच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. जुन्या चौ घराण्यातला चौगोंग आपल्या अजाण पुतण्याला, राजा छंगला, सांभाळून घेऊन मांडलिकांचे मुजरे घेतो आहे, असं ते चित्र. ते त्याने हुओ ग्वांगच्या हवाली केलं. मरणशय्येशी हुओ ग्वांगने रडत विचारलं, तुमच्यामागे कोण? सम्राट म्हणाला, त्या चित्राचा अर्थ तुला कळला नाही का? धाकट्याला बसव आणि तू चौगोंगचं काम कर.

हा हुओ ग्वांग कोण? पिंगयांगच्या एका साध्या कारकुनाचा मुलगा. त्या कारकुनाला आधी एका दासीपासून झालेला मुलगा म्हणजे विख्यात सेनापती हुओ छूपिंग. छूपिंग मोठा होईपर्यंत बापाला भेटलाच नव्हता. शिओंगनूंवरच्या मोहिमेवर जाताना वाटेत त्याने बापाला शोधून काढलं, गुडघे टेकून नमस्कार केला आणि परतताना दहाबारा वर्षांच्या सावत्र भावाला राजधानी छांगआनला घेऊन आला. छूपिंग ऐन पंचविशीच्या आत गेला. ग्वांग मात्र वीसहून अधिक वर्षं राजवाड्यात सम्राटाच्या उजव्या-डाव्या हाताला राहिला आणि एकदाही चुकला नाही, असं इतिहासकार बान गू लिहितो.

बान गूनेच दिलेला एक तपशील मला विलक्षण वाटतो. हुओ ग्वांग दालनात शिरताना आणि बाहेर पडताना रोज एका ठरावीक जागी थांबे. पहाऱ्यावरच्या लोकांनी गुपचूप खुणा करून पाहिलं, तर त्याचं पाऊल बोटभरसुद्धा इकडेतिकडे पडत नसे. माणूस काय धातूचा होता, ते एवढ्यावरून कळतं.

दुसरा प्रसंग शिक्क्याचा. बालसम्राट झाओच्या सुरुवातीच्या काळात एका रात्री राजवाड्यात काही अघटित घडल्याची आवई उठली. सगळे धास्तावले. हुओ ग्वांगने राजमुद्रा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला बोलावून मुद्रा मागितली. त्याने दिली नाही. ग्वांग हिसकावून घ्यायला पुढे झाला तसा तो तलवारीच्या मुठीवर हात ठेवून म्हणाला, "माझं डोकं मिळेल, मुद्रा मिळणार नाही." दुसऱ्या दिवशी हुओ ग्वांगने त्याला दोन पायऱ्या बढती दिली. हे कळल्यावर लोकांनी त्याला मानलं.

वूने कारभार एकट्याच्या हाती दिला नव्हता. जिन मिदी हा मूळचा शिओंगनू राजपुत्र, पकडून आणून घोड्यांच्या पागेवर ठेवलेला आणि तिथून वर आलेला. तो वर्षभरात वारला. उरला शांगग्वान ज्ये. तो ग्वांगचा व्याही होता. दोघांची मिळून असलेली नात सहाव्या वर्षी सम्राटाची राणी झाली, तेही ग्वांगचा विरोध डावलून, राजकन्या गाईच्या वशिल्याने. मग पदांवरून आणि मानपानावरून व्याह्यांचं बिनसलं. मीठ-लोखंडाच्या सरकारी मक्तेदारीचा जनक सांग होंगयांग स्वतःच्या मुलांना पदं मिळाली नाहीत म्हणून नाराज होता. सम्राटाचा थोरला सावत्र भाऊ, येनचा राजा, गादी न मिळाल्याने धुमसत होता. हे सगळे एकत्र आले.

त्यांनी येनच्या राजाच्या नावाने सम्राटाकडे तक्रार पाठवली: हुओ ग्वांग सैन्याच्या कवायतीला जाताना सम्राटासारखे रस्ते मोकळे करवतो, आपल्या छावणीत परस्पर अधिकारी वाढवतो, त्याच्या मनात काळंबेरं आहे. दुसऱ्या दिवशी ग्वांग दरबारात न येता बाहेरच्या चित्रदालनात थांबला. १४ वर्षांच्या झाओने त्याला आत बोलावलं. त्याने मुकुट उतरवून माफी मागितली, तेव्हा पोरगा म्हणाला, "मुकुट घाला. पत्र बनावट आहे. तुम्ही अधिकारी निवडून दहा दिवससुद्धा झाले नाहीत, इतक्या लांब येनच्या राजाला ते कळणार कसं?" पत्र आणणारा खरोखरच पळून गेला होता. पुढे मेजवानीला बोलावून ग्वांगला मारायचा बेत फुटला आणि इ.स.पू. ८० मध्ये सगळा गट संपला. येनच्या राजाने आणि राजकन्येने जीव दिला, शांगग्वान आणि सांग यांची कुळं बुडाली.

त्यानंतर एकहाती सत्ता. आणि ती त्याने चांगली चालवली, हे ठासून सांगायला हवं. करसवलती, गरिबांना बी-बियाण्याचं कर्ज, लढाया आवरत्या घेणं. त्याआधीच, इ.स.पू. ८१ मध्ये, गावोगावच्या विद्वानांना बोलावून मीठ-लोखंडाच्या मक्त्यावर दरबारात उघड वाद घडवून आणला. मीठ-लोखंड सरकारकडेच राहिलं, पण दारूचा मक्ता उठला. वूने पिळून काढलेला देश या काळात पुन्हा उभा राहिला.

इ.स.पू. ७४ मध्ये झाओ विशीतच निपुत्रिक वारला. ग्वांगने वूचा नातू, छांगयीचा राजा लिऊ हे, याला आणून बसवलं आणि २७ दिवसांत खाली खेचलं. मग निवडला लिऊ बिंगयी. जादूटोण्याच्या प्रकरणात बळी गेलेल्या युवराजाचा हा नातू. तान्हा असताना तुरुंगात होता. तुरुंगाधिकारी बिंग जी याने कैदी बायकांकडून त्याला दूध पाजवून वाढवलं. सम्राटाने तुरुंगातल्या सगळ्यांना मारायचा हुकूम पाठवला, तेव्हा याच बिंग जीने रात्रभर दार उघडलं नाही. हा मुलगा पुढे सामान्य लोकांत वाढला, कोंबड्यांच्या झुंजी बघत हिंडला. तोच सम्राट श्वान.

राज्याभिषेकानंतर पूर्वजांच्या मंदिरात जाताना हुओ ग्वांग त्याच्या रथात शेजारी बसला. श्वानला पाठीत काटे रुतल्यासारखं वाटत होतं. पुढे कधी ग्वांगच्या जागी सेनापती जांग आनशी बसला, की सम्राट मोकळा होऊन बसे. हुओंचा नाश त्या रथात पेरला गेला, असं लोक नंतर म्हणत.

मला हे पटत नाही. नाश पेरला गेला तो इ.स.पू. ७१ मध्ये. श्वानने गरिबीतली बायको शू पिंगजुन हिलाच राणी केलं होतं. हुओ ग्वांगची बायको शिएन हिला तिथे आपली धाकटी मुलगी हवी होती. राणी बाळंतपणाच्या वेळी आजारी पडली. चुनयू येन नावाची वैदू बाई नवऱ्याच्या नोकरीसाठी शिएनकडे रदबदली करत होती. शिएनने तिला हाताशी धरलं. येनने बचनागाची पूड राजवाड्यात नेली आणि राणीच्या गोळीत कालवली. गोळी घेतल्यावर राणी म्हणाली, "माझं डोकं जड झालंय. औषधात विष तर नाही ना?" येन म्हणाली, "नाही." राणी गेली.

वैद्यांची चौकशी सुरू झाली, तशी शिएन घाबरली आणि तिने नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. ग्वांग सुन्न झाला. स्वतः जाऊन सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण त्याच्याने झालं नाही. चौकशीचा कागद समोर आला तेव्हा त्याने त्यावर शेरा मारला: चुनयू येनला या प्रकरणातून वगळावं.

आयुष्यभर बोटभर पाऊल न चुकलेला माणूस इथे चुकला. दुसऱ्या वर्षी त्याची मुलगी राणी झाली. इ.स.पू. ६८ मध्ये तो वारला, तेव्हा खुद्द सम्राट अंत्यविधीला गेला, जेडच्या तुकड्यांचं कफन दिलं, वू सम्राटाच्या समाधीजवळ जागा दिली. दोन वर्षांनी, इ.स.पू. ६६ मध्ये, त्याचा मुलगा हुओ यू कमरेतून कापला गेला, शिएन आणि मुलींना मारलं, आणि हुओंशी संबंध असलेली हजारो कुटुंबं सोबत गेली.

वाचनवेडी

फार छान लिहिलंय. शिक्क्याचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. एक शंका. लिऊ हेने २७ दिवसांत ११२७ गुन्हे केले, असं एका ठिकाणी वाचलं होतं. दिवसाला चाळीसच्या वर! हे शक्य तरी आहे का? की जिंकणाऱ्यांनी रचलेलं आरोपपत्र?

अश्मक

@वाचनवेडी, आरोपपत्रात ११२७ हा आकडा आहे, पण तो सम्राटाच्या दूतांनी वेगवेगळ्या कचेऱ्यांकडून केलेल्या मागण्यांचा आहे. सामान आणा, माणसं पाठवा, अमुक काढून द्या. नवा सम्राट सगळी यंत्रणा आपल्याकडे ओढून घेत असेल, तर असे हुकूम भराभर सुटणारच. शिवाय सुतकात मांस खाल्लं, बायका आणल्या, गाणीबजावणी केली असे आरोप आहेत. ते खरेही असतील. पण आपल्या छांगयीच्या माणसांना त्याने झपाट्याने पदं दिली, हे हुओ ग्वांगला जास्त खुपलं असावं असं मला वाटतं. ते २०० हून अधिक लोक ग्वांगने मारले. त्यांना मारायला नेताना ते बाजारात ओरडत होते, "तोडायचं तेव्हा तोडलं नाही, म्हणून आता आपलीच गत झाली!" ग्वांगला आपणच आधी संपवायला हवं होतं, हाच या ओरडण्याचा उघड अर्थ.

मारले गेले नाहीत असे थोडेच. त्यांतला एक म्हणजे राजाचा शिक्षक वांग शी. त्याला विचारलं, तू राजाला समज देणारा एकही अर्ज कसा केला नाहीस? तो म्हणाला, मी सकाळ-संध्याकाळ ३०५ कविता शिकवल्या. निष्ठावान प्रजेच्या कविता आल्या की पुन्हा पुन्हा म्हणून घेतल्या. वाट चुकलेल्या राजांच्या आल्या की डोळ्यांत पाणी आणून समजावल्या. तोच माझा अर्ज. त्याला सोडलं.

बखरवाला

उत्तम धागा. थोडी भर घालतो. हुओ ग्वांग 'महासेनापती' खरा, पण त्याने रणांगणावर सैन्य चालवल्याची नोंद नाही. त्याची ताकद दोन ठिकाणी होती. पहिलं म्हणजे राजधानीतलं सैन्य. वाड्याचे पहारे आणि छावण्या जावई, पुतणे-नातवंडं यांच्याकडे होत्या.

दुसरं कमी लोकांच्या लक्षात येतं. सम्राटाकडे जाणारा प्रत्येक अर्ज दोन प्रतींत द्यावा लागे. एक प्रत सचिवालयाचा प्रमुख आधी उघडून वाचायचा. मजकूर आवडला नाही तर अर्ज तिथेच थांबायचा. ग्वांगनंतर ही जागा त्याच्या भावाच्या नातवाकडे, हुओ शानकडे, होती. म्हणजे हुओंविरुद्धची तक्रार हुओंच्याच हातून जायची.

सम्राट श्वानने पहिला घाव इथे घातला. वेई शियांग या मंत्र्याच्या सल्ल्याने दुसऱ्या प्रतीची अट काढली आणि लोकांना बंद अर्ज थेट देता येऊ लागले. राणीच्या विषाचं प्रकरण सम्राटाच्या कानावर आलं ते त्यानंतर. मग एकेका जावयाला मान-मरातबाचं पद देऊन छावणीवरून हलवलं, दूरच्या प्रांतात पाठवलं, आणि जागेवर आपल्या सासरची आणि आजीच्या माहेरची माणसं बसवली. तलवार न काढता दोन वर्षांत सगळं सैन्य काढून घेतलं. हे काम इतक्या सफाईने करणारा सम्राट चीनच्या इतिहासात विरळाच.

कृष्णाकाठ

सफाई मान्य. पण मला इथे सम्राटाचा राग येतो. विषाची गोष्ट कळल्यावरही त्याने शिएनला लगेच पकडलं नाही. हुओंना पदं देत राहिला, एकीकडे त्यांचे दात काढत राहिला, आणि ते घाबरून बंडाच्या गोष्टी करू लागले तेव्हा झडप घातली. अकराव्या शतकातला इतिहासकार सीमा ग्वांग यानेही हेच म्हटलंय: सत्ता वेळीच काढून घेऊन त्यांना नुसतं सुखात राहू दिलं असतं, तर ग्वांगच्या उपकारांची फेड झाली असती. इतक्या सेवेनंतर पिंडाला एकही माणूस ठेवला नाही, ही कृतघ्नता आहे.

आणि सावध करणारा होताच की. माओलिंगच्या शू फूने तीनदा अर्ज केला होता, हुओंना आवरा, तेच त्यांच्या भल्याचं आहे. कुणी ऐकलं नाही. हुओ बुडाल्यावर त्यांची चुगली करणाऱ्यांना जहागिरी मिळाल्या, तेव्हा एकाने सम्राटाला गोष्ट सांगितली. एका घराचं धुराडं सरळ होतं आणि बाजूला सरपण रचलेलं. पाहुणा म्हणाला, धुराडं वाकवून घ्या, सरपण हलवा. मालकाने लक्ष दिलं नाही. आग लागली, शेजाऱ्यांनी विझवली. मालकाने बैल कापून मेजवानी दिली, भाजलेल्यांना मानाच्या जागी बसवलं आणि त्या पाहुण्याला बोलावलंच नाही. ही गोष्ट ऐकून श्वानने शू फूला कापडाचे दहा गठ्ठे आणि पुढे एक पद दिलं. गोष्ट त्याला समजली होती. म्हणूनच मी म्हणतो, त्याने जे केलं ते कळून-सवरून केलं.

दवबिंदू

@कृष्णाकाठ, ज्याच्या बायकोला बाळंतपणात विष दिलं गेलं, त्याच्याकडून किती क्षमेची अपेक्षा करायची? गादीवर आल्यावर सगळे मंत्री ग्वांगच्या मुलीला राणी करायची चर्चा करत होते. तेव्हा त्याने फक्त एवढाच हुकूम काढला की गरिबीच्या दिवसांतली माझी एक जुनी तलवार हरवली आहे, ती शोधून द्या. मंत्री समजले आणि त्यांनी शू पिंगजुनचं नाव सुचवलं. एवढा जीव होता तिच्यावर. आणि शिएन तिच्यावर थांबली नाही. शूचा लहान मुलगा युवराज झाला तेव्हा संतापाने रक्त ओकली आणि आपल्या मुलीकरवी त्यालाही विष घालायच्या मागे लागली. दाई प्रत्येक घास आधी चाखायची म्हणून पोर वाचलं.

मला मात्र या सगळ्यात ती दुसरी मुलगी विसरता येत नाही. शांगग्वान. सहाव्या वर्षी राणी. तिच्या आईच्या वडिलांनी तिचे वडील आणि वडिलांचे वडील मारले. १५व्या वर्षी ती विधवा, राजमाता. लिऊ हेला उठवायचा दिवस आठवा. तिला मोत्यांचं वस्त्र घालून, हत्यारबंद पहाऱ्यात, उंचावर बसवलं. आरोपपत्र वाचता वाचता मध्येच ती म्हणाली, "थांबा! प्रजाजन आणि पुत्र म्हणवणारा इतका बेताल वागतो?" हे शब्द तिचे होते की आजोबांनी घोकून घेतलेले? पुढे तिचं आजोळही नाहीसं झालं. ती मात्र इ.स.पू. ३७ पर्यंत जगली. नवरा नाही, माहेरचं, आजोळचं कुणी मागे नाही. तिच्यावर कुणी सविस्तर लिहायला हवं.

वाचनवेडी

दवबिंदू, अगदी. मला तर वाटतं तो दिवस लिऊ हेसाठीही तितकाच भयंकर होता. त्याचं पुढे काय झालं? तोही मारला गेला?

अश्मक

नाही. त्या दिवशी तो शेवटपर्यंत भांडला. म्हणाला, सम्राटाला समज देणारे सात मंत्री असले, तर तो वाईट असला तरी राज्य जात नाही म्हणतात. ग्वांग म्हणाला, राजमातेने तुम्हाला पदावरून काढलंय, आता सम्राट कुठले? आणि त्याचा हात धरून मुद्रेची दोरी सोडवून घेतली. मग त्याला त्याच्या वाड्यापर्यंत पोचवायला स्वतः गेला आणि निरोप घेताना रडला: "राजे, तुमचा अपराधी झालो तरी चालेल, राज्याचा होणार नाही." मला ते रडू खरं वाटतं.

लिऊ हेला छांगयीत नजरकैदेत ठेवलं. इ.स.पू. ६३ मध्ये श्वानने त्याला दक्षिणेत हायहुनचा जहागीरदार केलं, पण पूर्वजांच्या मंदिरातल्या विधींना यायची बंदी घातली. इ.स.पू. ५९ मध्ये तो वारला.

पूर्वसमुद्र

हायहुनचं नाव आलं म्हणून लिहितो. कामानिमित्त च्यांगशी प्रांतात नानछांगला जाणं झालं, तेव्हा त्याच्या थडग्यातल्या वस्तू पाहता आल्या. २०११ मध्ये चोरांनी खणलेल्या भोकामुळे गावकऱ्यांना संशय आला आणि हे थडगं सापडलं. 'लिऊ हे' असं कोरलेला जेडचा शिक्का मिळाला, त्यावरून ओळख पक्की झाली. तांब्याची नाणी वीस लाखांच्या आसपास, वजन दहा टनांवर. सोनं शंभर किलोच्या वर. पाच हजारांहून अधिक बांबूच्या आणि लाकडाच्या पट्ट्या, त्यांवर ग्रंथ लिहिलेले. कन्फ्यूशियसचं चित्र असलेली लाखेची चौकट. आरोपपत्रातल्या त्या उनाड पोराशी हे वाचन जुळत नाही.

मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो तो सोन्याच्या चकत्यांसमोर. तळहातात मावतील एवढ्या. काहींवर शाईने लिहिलंय: दक्षिणेचा मांडलिक, हायहुनचा जहागीरदार, आपला सेवक हे, युआनखांगचं तिसरं वर्ष (इ.स.पू. ६३), अर्पणाचं सोनं, एक चिन (साधारण पाव किलो). म्हणजे पूर्वजांच्या विधीसाठी त्याने सोनं तयार ठेवलं होतं. बंदी असल्यामुळे ते थडग्यातच राहिलं.

बखरवाला

पूर्वसमुद्र, हे वाचायला मिळालं म्हणून आभार. आता मूळ मुद्द्यावर. हुओंची चूक काय होती हे बघायचं तर शेजारी जांग आनशीचं घर ठेवून बघा. हाच तो माणूस, ज्याच्या शेजारी रथात बसताना सम्राट मोकळा व्हायचा. लिऊ हेला उठवण्यात तो ग्वांगच्या खांद्याला खांदा लावून होता. त्याची नात हुओंच्या नात्यात दिलेली होती. ग्वांग गेल्यावर त्याला वरचं पद मिळालं, तेव्हा त्याने मुकुट काढून नको म्हणून विनवलं. कुणाची शिफारस केली आणि तो माणूस आभार मानायला आला, की त्याच्याशी बोलणं टाकायचा. हुओ बुडाले, तेव्हा सम्राटाने त्याच्या नातीला सोडून दिलं. जिन मिदीचं घरही पिढ्यान् पिढ्या टिकलं. म्हणजे सम्राट सरसकट रक्ताला तहानलेला नव्हता.

याउलट हुओंच्या नोकरांची मजल बघा. मंत्री वेई शियांगच्या नोकरांशी रस्त्यावरून वाद झाला, तर ते त्याच्या कचेरीत घुसून दार फोडायला निघाले. वेई शियांगच्या कचेरीतल्या अधिकाऱ्याने डोकं टेकून माफी मागितली तेव्हा गेले. सत्तेचा माज नोकरांपर्यंत उतरला होता. बान गूने ग्वांगचे सगळे गुण मोकळेपणाने सांगितले आणि शेवटी लिहिलं की त्याला शिक्षण नव्हतं, मोठ्या तत्त्वांची जाण नव्हती, बायकोचं पाप त्याने झाकलं. मला हा न्याय कठोर पण बरोबर वाटतो.

कृष्णाकाठ

बान गूचा निवाडा मान्य. पण ग्वांगने श्वानला कारभार परत देऊ केला होता हे विसरू नका. श्वाननेच नाही म्हटलं आणि आधी ग्वांगला सांगा, मग मला, अशी पद्धत ठेवली.

अश्मक

@कृष्णाकाठ, देऊ केला होता, खरंय. पण जावई छावण्यांवर तसेच होते. त्या स्थितीत तरुण सम्राट हो म्हणणारच नव्हता, आणि हे ग्वांगला न कळण्याइतका तो भोळा नव्हता. सीमा ग्वांगच्या मताशी मात्र मी अर्धा सहमत आहे. शिएनला शिक्षा हवीच होती. हजारो कुटुंबं नको होती.

या कृत्याचे परिणाम पुढे फार लांब गेले, ते सांगायचं राहिलं. नालायक सम्राटाला मंत्र्याने उठवायचं, याला ग्वांगने स्वतः प्राचीन मंत्री ई यिनचा दाखला घेतला होता; त्यानेही आपल्या राजाला पदावरून दूर केलं होतं. त्याच्यानंतर त्याचाच दाखला झाला. इ.स. १८९ मध्ये तोंग चुओ सैन्य घेऊन राजधानीत शिरला आणि बालसम्राटाला उठवताना म्हणाला, मी ई यिन आणि हुओ ग्वांग यांच्याप्रमाणे करतो आहे. दरबारात एकटा लू चृ उभा राहिला आणि म्हणाला, छांगयीच्या राजाचे अपराध हजारावर होते, या मुलाने काय केलंय?

आणि श्वानने तरी हुओंना बुडवून काय मिळवलं? इ.स.पू. ५१ मध्ये त्याने राजवाड्यातल्या मनोऱ्यात ११ थोर सेवकांची चित्रं लावली. पहिलं चित्र हुओ ग्वांगचं. बाकी दहांची पूर्ण नावं, याच्याखाली फक्त पदं आणि 'आडनाव हुओ'. दोन वर्षांनी श्वान वारला, तेव्हा मुलाचा पालक म्हणून त्याने आपल्या आजीच्या माहेरचा शी काव नेमला. म्हणजे नातेवाईक सेनापतीच्या हाती बाल-तरुण सम्राट देण्याची रीत तशीच चालू राहिली, फक्त घराणं बदललं. त्या मुलाची राणी वांग घराण्यातली होती आणि तिचा पुतण्या वांग मांग पुढे त्याच पदावर बसला. त्याच्या अमलात, इ.स. २ मध्ये, हुओ ग्वांगच्या चुलतभावाच्या पणतूला शोधून ग्वांगची जुनी जहागीर १००० घरांनिशी परत दिली. सात वर्षांनी वांग मांग स्वतः सम्राट झाला आणि हान घराण्याची गादी गेली.